ढाळ, तहान आणि वैद्याची वेळ

मराठीत पोट बिघडण्याला जितकी नावे आहेत, तितकी दुसऱ्या एखाद्या दुखण्याला क्वचितच असतील. ढाळ, जुलाब, हगवण, अतिसार, आव, रक्ती आव, संग्रहणी, वाखा, पटकी, मोडशी. यांतली काही वैद्यांच्या पोथ्यांतली, काही बायाबापड्यांच्या तोंडची. वाखा आणि पटकी ही दोन तर भांडणात शिव्याशाप म्हणूनही वापरली जात. इतकी नावे उगाच पडत नाहीत. एका दुखण्यातून माणूस दोन दिवसांत उठून कामाला लागतो आणि दुसऱ्यात सकाळी धडधाकट असलेला संध्याकाळी तिरडीवर दिसतो, हे आपल्या मागच्या पिढ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आज आपण या साऱ्यांना ‘लूज मोशन’ या एकाच नावात कोंबले आहे. बोलायला सोय झाली, पण भेद बुजला. मोठ्या माणसाला जुलाब लागले असता घरी राहावे की डॉक्टरकडे धावावे, हा प्रश्न याच भेदाचा आहे. त्याचे उत्तर मनुष्यजातीला मोठी किंमत देऊन मिळाले, आणि त्या उत्तराचा आरंभ आपल्या कोकणपट्टीत, गोव्यात झाला, ही गोष्ट आम्हांला आज आपल्यापुढे मांडायची आहे.

‘मोडशी’ हा शब्द पोर्तुगीजांनी गोव्यात ऐकला आणि आपल्या जिभेला मानवेल तसा उचलला. गास्पार कोरेया या बखरकाराने १५४३ साली गोव्यात उसळलेल्या साथीचे वर्णन केले आहे. त्यात रोगाचे नाव ‘मोरिशी’ असे येते. माणसे इतकी मरत होती, की गव्हर्नराने चर्चच्या मृत्युघंटा वाजवण्यास बंदी केली. पुढे याच शब्दाचा फ्रेंचांनी ‘मॉर द शियाँ’ असा अपभ्रंश केला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ होतो कुत्र्याचे मरण. आपला एक साधा शब्द परक्या मुखात जाऊन असा भयाण झाला, आणि रोगाचे रूप पाहता तो अगदीच गैरलागू होता असे म्हणवत नाही.

त्यानंतर वीस वर्षांनी, १५६३ साली, गोव्यात एक पुस्तक छापून निघाले. कर्ता गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. मुंबईचे बेट काही काळ याच गृहस्थाकडे खंडाने होते, हे जाता जाता सांगून टाकतो. संवादरूपाने लिहिलेल्या त्या पुस्तकात त्याने मोडशीच्या रोग्याचे चित्र दिले आहे. नाडी इतकी मंद की बोटाला लागत नाही. अंग थंड, वर थंड घाम. तहान मात्र अनावर. डोळे खोल गेलेले. झोप नाही. पायांत गोळे. चारशे साठ वर्षांपूर्वीचे हे वर्णन एखाद्या आजच्या डॉक्टरने रुग्णपत्रिकेवर उतरवले, तरी त्यातला एक शब्द बदलावा लागणार नाही. आश्चर्य म्हणजे उपायाची एक वाटही त्याच पानांत पडलेली होती. देशी वैद्य रोग्याला मिरे-जिरे घालून भाताची पेज पाजतात, असे ओर्ता लिहितो. त्याच दमात ते रोग्याचे पाय डागतात, असेही तो लिहितो. शंभरएक वर्षांनी आलेला देलोन हा फ्रेंच वैद्यही टाचेला तापले लोखंड लावण्याच्या उपचाराची नोंद करतो. पेज आणि डाग एकाच रोग्यावर, एकाच वेळी! बरा झालेला रोगी कशाने बरा झाला, हे कोणाला कळणार? डाग लक्षात राहिला आणि पेज विसरली, असे झाले असल्यास नवल नाही.

मोडशीने खरा हाहाकार केला तो पेशवाई बुडाली त्या साली. १८१७ च्या पावसाळ्यात बंगालमध्ये जेसोरकडे साथ उसळली. त्या वर्षाच्या अखेरीस बुंदेलखंडात पेंढाऱ्यांवर व मराठ्यांवर चालून आलेल्या हेस्टिंग्जच्या छावणीत ती शिरली आणि १८१८ च्या पावसाळ्यात दख्खन ओलांडून, पुणे-पनवेलच्या वाटेने, ऑगस्टात मुंबईला पोचली. फौजा जात होत्या, त्यांच्या मागे बाजारबुणगे जात होते, आणि त्यांच्याबरोबर रोग जात होता. गावोगाव मरीआईचे गाडे निघाले. एका गावाने आपल्या शिवेबाहेर नेऊन सोडलेला गाडा दुसऱ्या गावाने पुढे ढकलायचा. रोग माणसांबरोबर एका गावातून दुसऱ्या गावात जातो, ही जाण त्या गाड्यात होती असे आम्हांला वाटते. इंग्रज डॉक्टरांपाशी तरी अधिक काय होते? पाऱ्यापासून केलेले कॅलोमेल, अफूचा अर्क, आणि शीर तोडून रक्त काढणे. ज्याच्या अंगातले पाणी आधीच ओसरले आहे त्याचे रक्त काढायचे! शिवाय रोगी पाणी पाणी म्हणून ओरडत असता ते नाकारणारे वैद्य पूर्वेला होते तसे पश्चिमेलाही होते. थोरामोठ्यांचीही गत निराळी नव्हती. मद्रासचा गव्हर्नर सर थॉमस मन्रो १८२७ च्या जुलैत दौऱ्यावर असताना एका दिवसात या रोगाने गेला.

मग साथ युरोपात पोचली, आणि तिथे या कथेला कलाटणी मिळाली. १८३१ च्या अखेरीस विल्यम ओशॉनेसी नावाच्या बावीस वर्षांच्या डॉक्टरने इंग्लंडमध्ये पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासले. त्यातले पाणी व क्षार घटलेले आहेत, आणि जे बाहेर पडते त्यात तेच सापडते, असे त्याने दाखवले. म्हणजे माणूस विषाने जळून मरत नाही, तो वाळून मरतो. १८३२ च्या मे महिन्यात स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लाटा याने हे मनावर घेऊन एका म्हाताऱ्या बाईच्या शिरेत मीठपाणी सोडले. नाडी गेलेली ती बाई बोलू लागली, डोळ्यांत तेज आले. लाटा निश्चिंत होऊन निघून गेला. ढाळ पुन्हा सुरू झाले, मीठपाणी पुन्हा कोणी दिले नाही, आणि साडेपाच तासांत बाई गेली. या प्रसंगातले मर्म एवढेच, की गेलेले भरून काढणे एकदा करून भागत नाही. जोवर जाते आहे तोवर भरत राहावे लागते. हे मर्म वैद्यकाने पुरते आत्मसात करायला सव्वाशेहून अधिक वर्षे घेतली. ओशॉनेसी स्वतः १८३३ साली कंपनीच्या चाकरीत कलकत्त्याला आला आणि पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारणारा म्हणून नावाजला. त्याच्या तारा सर्वांना आठवतात. त्याचे मीठपाणी कोणाला आठवत नाही.

मधला काळ जंतूच्या शोधाचा. लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ साली रोग पाण्यातून येतो हे घरोघर हिंडून दाखवले. रॉबर्ट कॉख याने १८८४ साली कलकत्त्यात जंतू हुडकला. हाफकिन याने १८९३ पासून हिंदुस्थानात लस टोचली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाने उभी आहे. आषाढीच्या वारीला निघणाऱ्यांना पटकीची लस टोचून घ्यावी लागत असे, हे जुन्या वारकऱ्यांच्या घरांत अजून सांगतात. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या आरोग्य परिषदेने तर हिंदुस्थानच्या यात्रांवरच ठपका ठेवला होता. हे सारे खरे असले तरी आजारी पडलेल्या माणसाच्या उशाशी बसलेल्याला त्याचा उपयोग थोडा.

उशाशी बसलेल्याच्या कामी आले ते कलकत्त्याचे लोक. सर लिओनार्ड रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शिरेतून दाट मीठपाणी देऊन मृत्यू पुष्कळ कमी केले. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ साली १८६ रुग्णांना तोंडाने मीठसाखरेचे पाणी देऊन बरे केल्याचे प्रसिद्ध केले. कोणी फारशी दखल घेतली नाही. १९५९ साली शंभुनाथ डे यांनी दाखवले की जंतूचे विषच आतड्याला पाणी ओकायला लावते. आतड्याची भिंत फाटत नाही. तिच्यातले पाण्याचे झोत उघडले जातात. आणि पाणी-मीठ परत आत घेण्याचे एक दार या धुमाकुळातही उघडेच राहते. ते दार साखरेचे. साखर आत शिरताना मिठाला बरोबर घेते, आणि मिठामागून पाणी जाते. नुसते पाणी पिऊन किंवा नुसते मीठ खाऊन हे साधत नाही. १९६८ साली ढाक्यात नॅलिन आणि कॅश यांनी याचे प्रयोग रुग्णांवर यशस्वी केले.

कसोटीचा प्रसंग १९७१ चा. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले, आणि बनगावच्या छावणीत पटकी माजली. रुग्णालयातले सलाईन संपत आले. तिथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करवल्या, पिंपांत ते पाणी कालवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती मग देऊन ‘पाजत राहा’ म्हणून सांगितले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यू शेकडा चाराच्याही खाली आले. आई, भाऊ, शेजारी यांनी मगाने पाजून जीव वाचवले. महालनबीस २०२२ साली वारले. पद्मविभूषण त्यांना २०२३ साली मरणोत्तर मिळाले.

इथे थोडे गणित करू. जोरदार पटकीत तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगातून सहा लिटर गेले, की तो मरणाच्या दारात जातो. सकाळचा धडधाकट माणूस संध्याकाळी का जात असे, त्याचा उलगडा या हिशेबात आहे. आणि म्हणूनच मोठ्या माणसाच्या जुलाबात पहिला प्रश्न ‘किती वेळा झाले’ हा नसून ‘किती गेले आणि किती पोटात राहिले’ हा आहे. चार वेळा थोडे थोडे होऊन जो सरबत, ताक, पेज पितो आहे, लघवीला नेहमीसारखा जातो आहे, त्याला बहुधा घरीच बरे वाटते. पुष्कळांचे दुखणे दोन दिवसांत आपोआप ओसरते. तांदळाच्या धुवणासारखे पाणी भडाभडा जात असेल, तर मात्र तीन वेळाही पुष्कळ झाले. अशा वेळी रिक्षा येईपर्यंत आणि रिक्षात बसल्यावरही मीठसाखरेचे पाणी पाजत राहावे, पण दवाखान्याकडे निघण्यात घटकाभरही दवडू नये.

ओर्ताने सांगितलेली चिन्हे आजही उशाशी बसलेल्याने पाहावीत. तोंड व जीभ कोरडी पडली आहे का? उभे राहताच अंधारी येते का? पोटऱ्यांत गोळे येतात का? डोळे खोल दिसतात का? सहा-आठ तास लघवीच झालेली नाही, किंवा झाली ती गडद, चहासारखी झाली, असे आहे का? माणूस नीट उत्तरे देईनासा, गुंगल्यासारखा झाला आहे का? यांतले काही दिसले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहण्याचे कारण नाही. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत अधिक जपावे, कारण उतारवयात तहानेची जाणीवच बोथट होते. आजोबा पाणी मागत नाहीत म्हणजे त्यांना पाणी नको आहे, असा अर्थ काढू नये. चिमटीत धरलेली कातडी सावकाश बसते का, ही परीक्षाही म्हाताऱ्यांत फसवी, कारण त्यांची कातडी एरवीही सैलच असते.

पाणी हा एक धागा. दुसरा धागा रक्ताचा. पूर्वजांनी ‘रक्ती आव’ हे नाव वेगळे ठेवले ते शहाणपणाचे होते. शौचात रक्त किंवा रक्तमिश्रित आव, अथवा डांबरासारखे काळे शौच दिसले तर डॉक्टरकडे जावेच. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. तसेच १०२ अंशांच्या वर ताप, थांबत नाही असे पोटातले जोराचे दुखणे, दिवसात सहा-सात वेळांहून अधिक पातळ शौच, काही केल्या पाणी पोटात ठरू न देणारी ओकारी, आणि दोन दिवस गेले तरी उतार नसणे. गरोदर बाई, मधुमेही, मूत्रपिंडाचा विकार असलेला माणूस यांनी दोन दिवसही थांबू नये. रक्तदाबाची वा लघवी होण्याची गोळी चालू असणाऱ्यांनी त्या दिवशी ती घ्यावी की नाही, हे डॉक्टरला विचारावे. अंगात पाणी कमी असता हीच औषधे मूत्रपिंडाला भार होतात. आणि जे जुलाब आठवड्यांमागून आठवडे चालतात, झोपेतून उठवतात, वजन उतरवतात, ते ‘हवा मानवत नाही’ म्हणून सोडून देण्याजोगे नसतात. त्यांची तपासणी व्हावी लागते.

औषधांबद्दल दोन शब्द. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली आपल्या पिंपरीत स्थापन झाला, आणि या भागाच्या कारखानदारीचा तो मानाचा आरंभ मानला जातो. त्या औषधांनी असंख्य जीव वाचवले. पण जुलाब लागताच मेडिकलच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या मागून घेणे हा त्या शोधाचा मान नव्हे. बहुतेक साध्या जुलाबांवर तिचा उपयोग नसतो, आणि कधी तर ती गोळीच नव्या जुलाबांचे कारण होते. मागच्या दोन-तीन महिन्यांत अशी औषधे घेतली असतील आणि नंतर जुलाब जोरात लागले असतील, तर ते डॉक्टरला सांगावे. शौच बंद करणारी गोळी ताप वा रक्त असता घेऊच नये. रोग आत कोंडला जातो.

मीठसाखरेच्या पाण्याचे माप साधे आहे: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. माप चुकवू नये. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. दुकानातली पुडी घ्यायची तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेली आहे का ते वाचावे. ‘ओआरएस’ असे नाव लावून गोड सरबते डब्यांतून विकली जात होती. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ साली त्यांना ते नाव लावण्यास मनाई केली. भाताची पेज मीठ घालून दिली तरी चांगली. लंघन करायचे असेल तर पुरणपोळीचे आणि भज्यांचे करावे, पाण्याचे नव्हे.

आता आपल्या तळवड्याकडे येऊ. देहूहून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, इंद्रायणीकाठचे हे गाव १९९७ साली महापालिकेत आले, आणि शेताच्या बांधांवर कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. इथून चाकणपर्यंत मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परप्रांतातून आलेले हजारो तरुण एकेका खोलीत चौघे-पाचजण राहतात. पटकीच्या त्या भयंकर साथी आता राहिल्या नाहीत; म्हणूनच एक नवा धोका नजरेआड होतो. बनगावला रोग्याच्या उशाशी मग घेऊन बसलेला कोणीतरी होता. इथे रात्रपाळी करून आलेला मुलगा खोलीत एकटा असतो, सोबती पहिल्या पाळीला गेलेले असतात. खाडा झाला तर पगार कापला जाईल म्हणून तो जुलाब चालू असतानाच भट्टीसमोर उभा राहतो, तिथे घामाने आणखी पाणी घालवतो. आणि मोठ्या माणसाने ‘पोट बिघडले’ म्हणून रजा मागणे लाजेचे, असेही त्याला वाटते. त्याचे खोल गेलेले डोळे पाहायला आरसा तेवढा असतो. ज्या खोलीत असा एखादा आजारी असेल, तिथल्या सोबत्यांनी कामावर जाताना एक लिटर मीठसाखरेचे पाणी त्याच्या हाताशी ठेवावे आणि दुपारी एकदा फोन करून ‘लघवी झाली का’ एवढे विचारावे. प्रश्न ओशाळवाणा आहे खरा. उत्तर नाही असे आले, किंवा फोन उचललाच गेला नाही, तर शेजारच्या खोलीतल्याला पाठवावे. गरज पडली तर १०८ ला फोन करावा. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय रात्रीही उघडे असते.

एक चिन्ह पूर्वजांच्या यादीत नव्हते. ते आपल्या पुण्याने २०२५ च्या जानेवारीत शिकवले. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गीयां-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण अचानक वाढले. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतही काही आढळले, एकूण संख्या दोनशेवर गेली आणि काही माणसे दगावली. त्यांतल्या अनेकांना आधी जुलाब होऊन गेले होते. काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. जंतूशी लढायला निघालेली शरीराची शक्ती चुकून आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, असा तो प्रकार. तो विरळा आहे, घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र जुलाब थांबल्यावर आठवडा-पंधरवड्यात पायांत मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना पाय उचलेनात, अशक्तपणा पायांकडून वर सरकू लागला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर तो ‘जुलाबाचा थकवा’ समजून टॉनिक घेत बसू नये. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

डॉक्टरपुढे गेल्यावर काय सांगावे, तेही ठरवून जावे: केव्हापासून, साधारण किती, रक्त आहे की नाही, शेवटची लघवी केव्हा झाली, काय पोटात ठरते, कोणती औषधे चालू आहेत, आणि घरात, खोलीत किंवा कारखान्याच्या उपाहारगृहात आणखी कोणाला असेच झाले आहे का. हा शेवटचा प्रश्न डॉक्टरने विचारला नाही तरी आपण सांगावा. एकाच इमारतीत दोन-तीन खोल्यांतली माणसे एका आठवड्यात आजारी पडली, तर गच्चीवरच्या टाकीचे आणि टँकरच्या पाण्याचे नमुने तपासले जावेत म्हणून महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात तसे कळवावे. स्नोने लंडनमध्ये ज्या नळाचा दांडा काढवला, तो नळ त्याला अशाच घरोघरच्या चौकशीतून सापडला होता.